पेट्रोलचं रासायनिक सूत्र नेमकं काय लिहायचं?

गॅरेजवाला_एफवाय

नमस्कार मंडळी, सोलापूरहून विचारतोय. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. कॉलेज सुटलं की अशोक चौकाजवळ वडिलांच्या गॅरेजात बसतो, टू-व्हीलरची कामं. पेट्रोल रोज हातात असतं आणि आता ते पुस्तकातही आलंय, पण दोन्हीचा मेळ बसेना.

माझ्याकडच्या गाइडमध्ये एके ठिकाणी ठोकून दिलंय की पेट्रोल म्हणजे ऑक्टेन, आठ कार्बन अठरा हायड्रोजन, उत्कलनांक १२६ अंश. दोन पानं उलटली की तक्ता येतो, त्यात पेट्रोल म्हणजे पाच ते बारा कार्बन, साधारण ४० ते २०० अंश. आता तोंडी परीक्षेला विचारलं तर यातलं काय सांगू?

दुसरं असं, की आयसोऑक्टेनचं सूत्रही तेच, आठ आणि अठरा. पण त्याचा उत्कलनांक ९९ दिलाय. अणू तेवढेच, वजन तेवढंच, मग सत्तावीस अंश गेले कुठे? 'शाखा वाढल्यावर पृष्ठफळ कमी होते' एवढी एक ओळ आहे पुस्तकात. पृष्ठफळ कमी झालं म्हणून उकळायला सोपं का व्हावं, ते कुणी लिहितच नाही.

आणि एक गॅरेजातलं. कार्ब्युरेटर धुताना पेट्रोल हातावर आलं की गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. डिझेल तसंच चिकटून राहतं, वास संध्याकाळपर्यंत जात नाही. याचा साखळीच्या लांबीशी संबंध आहे का, का मी उगाच जोडतोय?

जाता जाता, 'क्रॅकिंग' म्हणजे डिझेलमधून पेट्रोल गाळून काढतात की खरंच रेणू तोडतात? व्हिडिओत सगळे तो टॉवर काढतात, 'वर गॅस, खाली डांबर' म्हणतात आणि मोकळे होतात.

---

चादरवाला

परीक्षेत गाइडचंच लिही बे. तपासणाऱ्यानेही तेच वाचलेलं असतं. बाकी मीही वाचतोय, मला एक डागाचं विचारायचंय, पण आधी तुझं होऊ दे.

---

डेपोकाका

चादरवाल्याचं ऐकू नकोस रे.

पाकणीला जे तेलाचे डेपो आहेत त्यातल्या एका डेपोच्या लॅबमध्ये मी होतो, आता निवृत्त. टँकरमधून, टाकीतून, पाइपलाइनमधून सॅम्पल घ्यायचं आणि तपासायचं यातच नोकरी गेली. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. रेणूंच्या आकाराचं रसायन मॅडम सांगतील, त्या इथे येऊन जाऊन असतात.

पेट्रोलला सूत्र नाही. सूत्र असतं ते एका संयुगाला, आणि पेट्रोल म्हणजे शेकडो संयुगांचं मिश्रण. तोंडीला बिनधास्त असंच सांग. हे पटवायला लॅबमधली एकच टेस्ट सांगतो, डिस्टिलेशन. १०० मिली पेट्रोल फ्लास्कमध्ये घ्यायचं, वर मानेत थर्मामीटर बसवायचा. वाफ बाजूच्या नळीने निघते, थंड पाण्यातून जाते आणि समोरच्या मोजपात्रात थेंब थेंब पडते. पहिला थेंब पडला की पारा बघायचा, तो चाळिशीच्या आसपास असतो. मग १० मिली जमल्यावर किती, ५० ला किती, ९० ला किती, शेवटचा आकडा किती, असं टिपत जायचं.

आता बघ. फ्लास्कमध्ये शुद्ध हेक्झेन असतं तर पारा ६९ वर जाऊन उभा राहिला असता आणि हेक्झेन संपेपर्यंत तिथून हलला नसता. पेट्रोलला तो उभाच राहत नाही. पाच-सहा कार्बनवाले आधी निघतात, मग सात-आठवाले, मग त्याहून लांब, आणि पारा चढतच जातो. २१० च्या आत खेळ संपला पाहिजे, असा पेट्रोलचा मानक आहे. डिझेलला अट वेगळी, ९५ टक्के भाग ३६० अंशांपर्यंत निघून यायला हवा. तुझ्या तक्त्यातले ४० आणि २०० हे असे दोन टोकांचे आकडे आहेत. १२६ हा आकडा त्या गर्दीतल्या एकाचा, आणि तोही फारसा नको असलेल्याचा. सरळ साखळीचं ऑक्टेन पेट्रोलमध्ये जितकं कमी तितकं इंजिनला बरं.

आणि त्या शेकड्यात सगळे अल्केनच, म्हणजे नुसत्या एकेरी बंधांचे कार्बन-हायड्रोजनचे रेणू असतात असंही नाही. कच्च्या तेलात सरळ आणि फाटे फुटलेले अल्केन असतात, कड्यांचे सायक्लोअल्केन असतात, बेंझिनच्या घराण्यातले ॲरोमॅटिक असतात, शिवाय गंधक, मीठ, पाणी. कुठल्या विहिरीचं तेल त्यावर प्रमाण ठरतं. मुंबई हायचं तेल, जे १९७४ साली सापडलं, ते हलकं आणि कमी गंधकाचं. आखातातलं बरंचसं त्यापेक्षा जड आणि गंधकाने भरलेलं. आपल्याकडे रिफायनरीत जाणाऱ्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे गंधक काढणं हे मोठंच काम होऊन बसलंय. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं, त्यात दहा लाख भागांत १० भाग गंधक एवढीच मुभा आहे.

टॉवरचं थोडक्यात. मीठ-पाणी काढलेलं तेल भट्टीत साधारण ३५० ते ३७० अंशांपर्यंत तापवतात आणि टॉवरच्या खालच्या भागात सोडतात. टॉवर खाली तापलेला, वर थंड. वाफ वर जाताना ज्याला जिथे निवावंसं वाटेल तिथे तो त्या ट्रेवर द्रव होतो, तिथून बाजूला काढून घ्यायचा. व्हिडिओवाले सांगत नाहीत ते हे की तेल ३७० च्या फार पुढे का तापवत नाहीत. तळाला उरलेल्या जड तेलाला उकळायला त्याहून जास्त उष्णता लागते, पण तेवढी दिली तर उकळायच्या आधी साखळ्याच तुटायला लागतात आणि भट्टीच्या नळ्यांत कोळसा धरतो. म्हणून ते दुसऱ्या टॉवरमध्ये नेऊन हवेचा दाब काढून घेतात. दाब कमी, उत्कलनांक कमी. त्या टॉवरच्या तळाला जे राहतं ते आपल्या विजापूर रोडवर पडतं. (आणि पावसाळ्यात उखडतं, पण तो रसायनाचा दोष नाही.)

यातच तुझ्या क्रॅकिंगचं उत्तर आलं. टॉवरमध्ये नुसती निवड होते, रेणू जसा आला तसाच बाहेर पडतो. क्रॅकिंगमध्ये रेणू खरोखर तोडतात, मुद्दाम, उत्प्रेरक वापरून. कारण कच्च्या तेलात जड भाग भरपूर आणि गिऱ्हाईक हलक्याला.

पाइपलाइनचं एक सांगतो, हे पुस्तकात मिळणार नाही. मुंबईच्या रिफायनरीतून पुण्यावरून आपल्या सोलापूरपर्यंत जी पाइपलाइन येते, तिच्यात एकाच नळीतून आधी डिझेल, त्याच्या मागून पेट्रोल असं येतं. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. जिथे दोन्ही भिडतात तिथे काही भाग मिसळतोच. आमची नजर डेन्सिटीवर. डिझेल चालू असताना घनमीटरला ८३० किलोच्या घरातला आकडा असतो. तो घसरायला लागला की समजायचं सीमा आली, आणि ७४० च्या आसपास येऊन स्थिर झाला की पेट्रोल सुरू. मधला माल वेगळ्या टाकीत. डोळ्याला काही कळत नाही, पण तो सरळ पेट्रोलच्या टाकीत गेला तर डिझेलच्या लांब साखळ्यांमुळे डिस्टिलेशनचा शेवटचा आकडा २१० च्या पार जातो. डिझेलमध्ये गेला तर पेट्रोलच्या आखूड साखळ्या लगेच वाफ होतात आणि डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ज्योत दाखवताच पेट घेते तो, कोसळतो. डिझेलला तो किमान ३५ अंश लागतो, चांगल्या मालाचा त्याहून वरच यायचा. पेट्रोलचा शून्याच्या कितीतरी खाली असतो.

हातावर गार लागण्याचं तू जोडलंस ते बरोबर जोडलंस. आखूड साखळीचे रेणू चटकन सुटून वाफ होतात आणि त्याला लागणारी उष्णता तुझ्या कातडीतून घेतात. डिझेलच्या रेणूंना तुझ्या हाताच्या उष्णतेवर निघताच येत नाही. पण पेट्रोलने हात धुणं बंद कर. त्यात बेंझिन असतं आणि ते कातडीतून आत जातं. आणि ती डिस्टिलेशन टेस्ट गॅरेजात करून बघायचा विचारही मनात आणू नकोस.

---

रसायन_मॅडम

डेपोकाकांनी माझ्यासाठी ठेवलंय तेवढं घेते.

उकळताना रेणूच्या आतलं काहीही तुटत नाही, हे आधी पक्कं कर. निम्मा गोंधळ तिथेच असतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलामागे साडेतीनशे किलोज्यूलच्या आसपास लागतात. सरळ ऑक्टेनची वाफ करायला लागतात सुमारे ४१, आयसोऑक्टेनची सुमारे ३५. म्हणजे उकळणं हा रेणू आणि त्याचा शेजारी यांच्यातला व्यवहार आहे. सूत्र तेच, वजन तेच, हे तुझं म्हणणं खरंच आहे, पण ते रेणूच्या आतलं झालं. सत्तावीस अंश गेले ते बाहेरच्या बाजूने.

अल्केनचे रेणू जवळजवळ अध्रुवीय. मग एकमेकांना धरतात कशाने? इलेक्ट्रॉन एका जागी थांबत नाहीत. एखाद्या क्षणी रेणूच्या एका बाजूला थोडे जास्त होतात, ती बाजू किंचित ऋण होते, शेजारच्या रेणूतले इलेक्ट्रॉन त्यामुळे मागे सरकतात, आणि दोघांत क्षणभर ओढ निर्माण होते. पुढच्या क्षणी मांडणी बदलते, ओढ राहते. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून याला लंडन बल म्हणतात. एका ठिकाणची ओढ अगदी दुबळी, पण दोन रेणू जेवढ्या लांबीवर एकमेकांना भिडतील तेवढ्या ठिकाणी ती लागू होते. तुझ्या पुस्तकातलं पृष्ठफळ ते हे.

सोलापूरच्या मुलाला मागाचंच उदाहरण देते. बीमवर ताण्याचे धागे शेजारी शेजारी कसे टोकापासून टोकापर्यंत टेकलेले असतात. तेच सूत गुंडाळून त्याचे गुंडे केले तर दोन गुंडे एकमेकांना एका टिंबाएवढेच टेकतात. सरळ ऑक्टेन म्हणजे धागा, आयसोऑक्टेन म्हणजे गुंडा.

परीक्षेला मात्र पेंटेनच लिही, तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. पाच कार्बन, बारा हायड्रोजन, समघटक (सूत्र तेच, जोडणी वेगळी) तीन. सरळ पेंटेन ३६ अंशांना उकळतं, एक शाखा असलेलं आयसोपेंटेन २८ ला, आणि मधल्या कार्बनला चारी बाजूंनी मिथिल (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लागलेलं निओपेंटेन ९.५ ला. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सोलापुरात सरळ पेंटेनची उघडी बाटली आपोआप उकळेल. निओपेंटेन तर आपल्याकडे जानेवारीतही बहुतेक दिवस वायूच राहील.

आता मुलं हमखास चुकतात ती जागा. यावरून ती द्रवणांकाचाही तोच क्रम लावतात, आणि तो लागत नाही. सरळ पेंटेन वितळतं उणे १३० च्या आसपास, निओपेंटेन उणे १७ ला. गोल, सममित रेणू स्फटिकात चपखल बसतो, म्हणून त्याला तिथून उठवणं कठीण. उकळण्याला भिडण्याची जागा महत्त्वाची, वितळण्याला रचना. साखळीची लांबी मात्र दोन्हीकडे चालते. सोळा कार्बनचं सरळ हेक्झाडेकेन १८ अंशांनाच गोठतं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पहाटे त्याची बाटली बाहेर ठेवली तर सकाळी घट्ट झालेली मिळेल. वीसच्या पुढे गेलास की मेण.

ऑक्टेन नंबरचा आणि गाइडमधल्या ऑक्टेनचा घोळही इथेच मिटवते. पंपावर ९१, ९५ लिहितात ते पेट्रोलमध्ये ऑक्टेन किती याचं प्रमाण नाही. इंजिनमध्ये दाबाखाली आपोआप भडकण्याला इंधन किती दाद देत नाही, त्याची ती पट्टी आहे. आयसोऑक्टेनला १०० दिले, सरळ हेप्टेनला ०. सरळ साखळी लवकर भडकते आणि तुझ्याकडे गिऱ्हाईक 'गाडी चढावर टकटक करते' म्हणत येतं. डिझेल इंजिनला नेमकं उलटं हवं, तिथे ठिणगी नसते, आपोआप भडकणंच अपेक्षित असतं. म्हणून त्याच्या सीटेन पट्टीवर १०० मिळतात ते सरळ हेक्झाडेकेनला.

क्रॅकिंगचं समीकरण विचारलंच तर डेकेन घे. दहा कार्बन बावीस हायड्रोजन, त्याचे तुकडे आठ-अठरा आणि दोन-चार, म्हणजे ऑक्टेन आणि इथीन. हायड्रोजन दोन्ही तुकड्यांना पुरत नाहीत, म्हणून एका तुकड्यात दुहेरी बंध येणारच. 'क्रॅकिंगमध्ये अल्कीन का मिळते' याचं उत्तर एवढंच.

---

गॅरेजवाला_एफवाय

काका, मॅडम, खूप आभार. ताण्याचं उदाहरण वडिलांनाही वाचून दाखवलं, ते आधी पॉवरलूमवरच होते. त्यांना माझ्याआधी समजलं.

दोन शंका उरल्या. पंपावर डेन्सिटीच्या बोर्डावर १५ अंशांचा आकडा का लिहितात? सोलापुरात १५ अंश असतात कधी? आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते तर अल्केन नाही. दोनच कार्बन असून ते द्रव कसं? दोन कार्बनचं इथेन तर वायू आहे.

---

डेपोकाका

१५ अंश हा फक्त ठरवून घेतलेला आधार आहे. तेल तापलं की फुगतं आणि डेन्सिटी उतरते. पेट्रोलची अंशामागे साधारण ०.९, डिझेलची ०.७, घनमीटरला किलो या मापात. १५ ला ७४५ असलेलं पेट्रोल ४० अंशांना ७२३ च्या आसपास दिसेल. माल तोच. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा ताडून बघायचे तर दोन्ही एका तापमानावर आणायला नकोत का? म्हणून हायड्रोमीटरबरोबर थर्मामीटरही बुडवायचा आणि तक्त्यावरून १५ चा आकडा काढायचा. टँकरबरोबर आलेल्या चलनाच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा ३ च्या वर फरक आला तर मामला संशयाचा. गिऱ्हाईकाने मागितलं तर पंपावर हे मोजून दाखवायला लागतं. एकदा जा आणि बघून ये, कॉलेजच्या प्रॅक्टिकलपेक्षा जास्त शिकशील.

मोजताना एक लक्षात ठेव, हायड्रोमीटर सिलिंडरच्या काचेला टेकू द्यायचा नाही. हलकेच गिरकी देऊन सोडायचा, स्थिर झाला की डोळा द्रवाच्या पातळीवर आणून वाचायचा. पंख्याखाली तर मुळीच नाही, पेट्रोलचा हलका भाग उडतो आणि आकडा चढतो.

इथेनॉलचं म्हणशील तर, आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने चिक्कार, त्यामुळे टँकर डोळ्यासमोरून रोज जायचे. ते पेट्रोलमध्ये डेपोतच मिसळतात, पाइपलाइनने पाठवत नाहीत, कारण ते पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं तर इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. जुन्या गाड्यांच्या टाकीत पावसाळ्यात पाणी निघतं त्या वेळी हे आठव. आणि इथेनॉल आल्यापासून माझं वर लिहिलेलं थोडं बदललं बरं का. डिस्टिलेशनला पारा सत्तरीच्या घरात रेंगाळायला लागला, नंतर पुन्हा चढतो.

---

रसायन_मॅडम

इथेनॉलची तुलना इथेनशी नको, प्रोपेनशी कर, वजन जवळपास सारखं आहे, ४६ आणि ४४. प्रोपेन उकळतं उणे ४२ ला, इथेनॉल ७८ ला. ऑक्सिजनला लागलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करतो, आणि तो लंडन बलापेक्षा पुष्कळ घट्ट. पाणी ओढण्याचं कारणही तेच.

घरचा अभ्यास: हेप्टेनचे समघटक काढ. नऊ निघाले पाहिजेत. दहा निघाले तर एकच रेणू दोनदा काढलास, दोघांना नाव देऊन बघ म्हणजे सापडेल.

---

चादरवाला

आता माझं. पांढऱ्या टॉवेलवर मागाचं तेल पडतं, साबणाने हलत नाही. पोरं पेट्रोल लावतात. चालेल का?

---

डेपोकाका

निघेल, पण लावू देऊ नको. मागाचं तेल म्हणजे लांब साखळ्यांचं खनिज तेल, ते पाण्यात जात नाही, आपल्या जातीच्या द्रवात जातं, म्हणून पेट्रोलने निघतं. पण मागाच्या शेडमध्ये उडणारा कापूस, चालू मोटारी आणि पेट्रोलची वाफ हे तिन्ही एका ठिकाणी नकोत. रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं, साधारण १४५ ते २०५ अंशांमधला भाग. वाफ कमी धरतं आणि तेल तेवढंच सोडवतं. शेडच्या बाहेर न्यायचं, डागाखाली जुनं फडकं धरायचं, वरून टिपायचं, चोळायचं नाही. मग साबणाचं गरम पाणी. डाग जुना होऊन पिवळा पडला असेल तर तो तेलाचा राहिला नाही, हवेने त्याचं दुसरंच काहीतरी झालेलं असतं, त्याला हे चालणार नाही.